दोन लाख फाइली आणि चाचांची खूण

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी चाचांचं नाव घेतो. आई-आप्पांच्या आधी घेतो, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. चाचा आमच्या कारखान्यात गळती तपासायच्या बाकावर कामाला होते. हजेरीपत्रकात त्यांचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण मॅनेजरसाहेबांपासून चहा आणणाऱ्या बाईंपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. मीही इथे तेवढंच लिहितो.

आमची वस्ती वडगाव रासाईच्या पुढे, भीमेच्या काठाला. आजोबांपर्यंत घर मेंढरांमागे फिरणारं. आप्पांनी नदीचं पाणी बघितलं, ऊस लावला आणि बसले. तरी साठ-सत्तर मेंढरं ठेवलीच, कारण मेंढरांशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही असं ते म्हणायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. बारावी झालो त्या सुमाराला शिरूरच्या अलीकडे माळावर कारखाने उभे राहत होते. गावातली पोरं ठेकेदाराकडे नाव लिहायला जायची, मीही गेलो.

आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरच्या ब्रेकचे सिलिंडर बनत. एकेक नग मुठीएवढा, त्यावर कोरलेला नंबर. चाचा नग बाकावर चढवायचे, मशीन त्यात हवा भरायचं आणि दाब टिकतो का ते बघायचं. दाब टिकला की हिरवा दिवा लागायचा. मग चाचा ब्रशने नगावर पिवळा ठिपका द्यायचे. प्रत्येक पाळीच्या कामगाराचा रंग वेगळा, चाचांचा पिवळा. ठिपका दिलेले नग क्रेटमध्ये रचणं हे माझं काम.

एकदा जेवणाच्या सुट्टीत भाकरी बांधून आणलेला वर्तमानपत्राचा तुकडा मी वाचत बसलो होतो. इंग्रजी होता. चाचांनी विचारलं, किती शिकलास. मी म्हणालो, बारावी सायन्स, सत्तर टक्के.

"मग हितं क्रेट कशाला रचतोयस?"

मी सांगितलं की कॉलेज सकाळचं असतं आणि पाळी दर आठवड्याला बदलते. दोन दिवसांनी ठेकेदाराने मला कळवलं की चाचांना हा पोरगा आपल्या बाकावर कायमचा हवा आहे आणि चाचा स्वतः कायमची दुसरी पाळी घेतायत. दुसरी पाळी दुपारी तीनला लागायची. म्हणजे सकाळ माझी.

तेव्हा मला यात फक्त माझी सकाळ दिसली. दुसरी पाळी कुणालाच नको असते, हे कळायला वेळ लागला. त्या पाळीत माणूस बायकामुलांना भेटत नाही, लग्नाकार्याला जात नाही. चाचांनी माझ्या पदवीपायी तीन वर्षं ती धरून ठेवली. तीन रमजान त्यांनी त्या बाकाशी रोजा सोडला, कागदात बांधलेले खजूर आणि अर्धा पेला पाणी एवढ्यावर. त्यातला एक खजूर माझ्या क्रेटवर ठेवायचे आणि म्हणायचे, "रोजा माझा, खजूर तुझा. तुझ्यासारखा नशीबवान न्हाई." चाची मात्र मला दारात बघितलं की ऐकवायच्या की ह्या पोराचं कॉलेज संपेपर्यंत आमचा नवरा आम्हाला ओळखायचा बंद होणार. ऐकवून झालं की जेवायला वाढायच्या.

चाचांची एक सवय सांगायला हवी. कोणत्याही कामाच्या सुरुवातीला ते ७८६ लिहायचे. मग थोडी जागा सोडायची आणि पुढचं काम. रजिस्टरच्या पानावर, क्रेटवर खडूने, सगळीकडे. मी वहीत वर श्री काढतो तसंच ते. माझ्या कॉलेजच्या प्रवेश अर्जाच्या कोपऱ्यातही त्यांनी पेन्सिलने ७८६ काढलं होतं. कारकुनाने ते खोडायला सांगितलं. मी हो म्हणालो आणि खोडलं नाही. प्रवेश मिळाला.

बी.एस्सी. झालो. पेढे घेऊन गेलो तर चाचा म्हणाले, आता संगणक शीक, पुढं सगळं त्याच्यावरच चालणार हाय. त्यांची मुलगी दौंडला दिलेली, जावई रेल्वेत. दौंडला स्टेशनजवळ रविवारी युनिक्स शिकवणारा एक क्लास होता. वर्षभर मी दर रविवारी न्हावऱ्यावरून एसटीने दौंडला जायचो, सकाळी क्लास करायचो आणि दुपारी चाचांच्या मुलीकडे जेवायचो. फी मी भरली, पण ते जेवण कधी मोजलं नाही, त्यांनीही नाही. क्लासमध्ये एका यंत्राला चार पडदे जोडलेले होते. आमच्या सरावाच्या फोल्डरमध्ये चाळीसेक फाइली होत्या. जगातलं सगळ्यात मोठं फोल्डर तेवढंच असतं अशी माझी समजूत होती.

नंतर कारखान्यात युनिक्सचं यंत्र आलं आणि तपासणीचा बाक त्याला जोडला गेला. मी क्रेट सोडून संगणकाच्या खोलीत बसलो, वर्षाच्या करारावर. प्रत्येक नग तपासला की यंत्रात एक छोटी फाइल तयार व्हायची. त्यात चार-पाच ओळी: नगाचा नंबर, वेळ, आधीचा दाब, नंतरचा दाब, पास की नापास. पाळी सुरू करताना कामगाराने बाकाच्या कीबोर्डवर स्वतःची खूण टाइप करायची, तीच फाइलच्या नावात पहिली येई, मग तारीख आणि वेळ. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये पडत. महिन्यामहिन्याची वेगळी फोल्डरं करावीत हे साहेबांना सुचलं नाही, यंत्र बसवणाऱ्यांना सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. तीन वर्षांत दोन लाखांवर फाइली साचल्या. त्या कधी कुणी उघडून बघत नसे, म्हणून कुणाचं अडतही नव्हतं.

अडलं ते एका गुरुवारी. ट्रॅक्टरवाल्यांकडून नऊशे साठ नग परत आले. गळतायत. निम्म्याहून जास्त नगांवर पिवळा ठिपका.

साहेबांनी चाचांना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथे रिपोर्ट द्यायला गेलो होतो, तो तसाच उभा राहिलो. साहेब म्हणाले, दुसऱ्या पाळीला वर बघणारं कुणी नसतं, म्हातारा माणूस नग न चढवताच ठिपके मारत सुटला असेल. लोक तर असंही म्हणतात की चाचांनी दुसरी पाळी मागून घेतली ती झोपायला.

ते ऐकून मला चटका बसला. माझी पदवी झाल्यावर चाचांना पहिली पाळी परत हवी होती, पण तोवर त्यांच्या जागी बसलेला कुणी उठायला तयार नव्हता. म्हणून ते दुसरीतच राहिले होते. ज्या गोष्टीने मी पदवीधर झालो तीच आता त्यांच्या विरुद्धचा पुरावा झाली होती.

चाचा आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, ठिपका माझा हाय म्हंजी नग तपासलेला हाय."

साहेबांनी शनिवारी अकरा वाजता चौकशी ठेवली. तोवर चाचांनी बाकाला हात लावायचा नाही. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

बाहेर आल्यावर मी काहीतरी धीराचं बोलायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "नोकरीचं न्हाई रे. नोकरी आज न्हाई तर वरसानं जाणारच हाय. पण लबाड म्हणून गेटाभायेर काढलं, तर दौंडला लेकीच्या दारात कसा जाऊ? जावयाला काय सांगू?"

मी म्हणालो, यंत्रात प्रत्येक नगाची फाइल आहे. तुम्ही तपासला असेल तर ती सापडेल.

"असेल कशाला म्हणतोस? हायच की," ते म्हणाले.

त्याच दुपारी पुण्याहून यंत्राची देखभाल करणारे इंजिनिअर आले. त्यांनी फोल्डरची यादी मागितली, पडदा गप्प बसला. चहा पिऊन आले तरी गप्पच. मग त्यांनी एका नगाचा नंबर सगळ्या फाइलींमध्ये शोधायला सांगितला. यंत्राने लगेच एक ओळ दाखवली: आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग. दिलेली यादी फार लांब आहे. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तीच ओळ. मग साहेबांना सांगितलं की फोल्डर खराब झालंय, यातून काही निघणार नाही, एकदा सगळं पुसून नव्याने सुरू करू. मी मध्ये बोललो की फाइली चांगल्या असू शकतात. ते माझ्याकडे वळून हसले.

"मग काय दौंडचे पदवीधर, तुम्ही काढता का?"

मी साहेबांना म्हणालो, शनिवार सकाळपर्यंत वेळ द्या आणि तोवर काही पुसू नका. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, शनिवारी अकरा.

त्या संध्याकाळी स्टोअरकीपर परत आलेला एकेक नग उचलून नंबर वाचत गेले आणि मी टाइप करत गेलो. नऊशे साठ नंबरांची एक यादी झाली. आता ही यादी दोन लाख फाइलींत शोधायची होती.

शुक्रवारी सकाळी आठला बसलो. आधी फोल्डर खरंच खराब आहे का ते बघायचं ठरवलं. सगळ्या फाइली न मागता पहिल्या पाळीच्या एका कामगाराच्या एकाच दिवसाच्या मागितल्या. पटकन आल्या, स्वच्छ आल्या. एका आठवड्याच्या मागितल्या, आल्या. सगळ्या मागितल्या की तीच ओळ. म्हणजे फाइलींना काही झालेलं नव्हतं, घास मोठा होत होता. ‘सगळ्या फाइली’ म्हणायला आपण नुसता स्टार टाइप करतो तेव्हा यंत्र त्या स्टारच्या जागी फोल्डरमधलं प्रत्येक नाव लिहून काढतं आणि दोन लाख नावं एकदम शोधणाऱ्या प्रोग्रामच्या तोंडात कोंबायला जातं. तेवढं तोंड कुणाचंच नसतं.

मग मला आमचं वाघूर आठवलं. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. संध्याकाळी मेंढरं आत घेताना ती सगळी एकदम तोंडाशी येतात. लहानपणी मी एकदा जाळ्याचं तोंड पुरतं उघडून दिलं होतं. मेंढरं चेंगरली, जाळं खुंट्यांसकट उपटलं आणि मोजणी तर राहिलीच. आप्पा ते तोंड पाय रुंद करून अडवतात, आडवी काठी धरतात आणि एवढीएवढी आत सोडतात. वीस झाली की काठी आडवी, खिशातला एक खडा जमिनीवर, मग पुढची वीस. त्या दिवशी मला म्हणाले होते, "समदी यकदम घेशील तर यकबी न्हाई मोजणार. विसाविसानं घे."

यंत्राला काठी आडवी धरणारं कुणीतरी हवं होतं. कपाटात यंत्राबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं होती, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. मी ती काढून शोधायला लागलो. इंग्रजी माझं अजूनही हळू चालतं. अकराच्या सुमाराला शेवटाकडच्या पानांत एक आज्ञा सापडली, एक्सआर्ग्ज नावाची. दौंडच्या क्लासात ती शिकवलीच नव्हती, चाळीस फाइलींना तिची गरज काय? तिचं काम एवढंच: एका बाजूने लांब यादी येऊ द्यायची, त्यातली ठराविक नावं उचलून पुढच्या प्रोग्रामला द्यायची, ती झाली की पुढची. मी ते पान दोनदा वाचलं आणि खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. आप्पाच होते ते, काठीसकट.

फाइंड या आज्ञेने नावं एकेक करून काढायची, ती एक्सआर्ग्जकडे, त्याने पाचशेपाचशेच्या घोळक्याने शोधणाऱ्या ग्रेपला द्यायची आणि जिथे जिथे नंबर जुळेल ती ओळ एका निकालाच्या फाइलीत. चाललं. पण पडद्यावर भराभरा कसल्यातरी तक्रारी येऊ लागल्या, वाचायच्या आत वर सरकत होत्या. क्लासमध्ये एक युक्ती शिकवली होती, तक्रारींचा आवाज बंद करण्याची. त्या एका बिनबुडाच्या खड्ड्यात पाठवता येतात. मी तसं केलं. पडदा शांत झाला. डिस्क पाऊण तास कुरकुरत राहिली. मी पाणीसुद्धा प्यायला उठलो नाही.

निकाल मोजला. चारशे बारा.

स्टोअरकीपरने ठिपक्याचा रंगही लिहून घेतला होता. मी पडताळून पाहिलं. सापडलेल्या चारशे बारांवर निळे आणि लाल ठिपके. न सापडलेले पाचशे अठ्ठेचाळीस. सगळे पिवळे. चाचांच्या नगांपैकी एकाचीही फाइल नाही.

माझ्या आज्ञेने बाकी दोघांचे नग अचूक काढले होते, म्हणजे आज्ञा बरोबर होती. मग चाचांचा एकही का नाही? त्या वेळी माझ्या मनात काय काय आलं ते मी पुढे त्यांना लिहिलं, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. दार वाजलं. चाचा होते. बाकाला हात लावायचा नव्हता, तरी ते पाळीच्या कितीतरी आधीच कारखान्यात आले होते. हातात चहाचे दोन पेले.

"काय रे, घावलं का?"

मी पडद्यापुढे सरकलो आणि म्हणालो, अजून चालूच आहे.

ते पेला ठेवून गेले. मी चहा प्यायलो नाही.

तो गार होईपर्यंत आप्पांचं दुसरं एक वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. शेवटचा खडा ठेवून झाला की आप्पा लगेच घरात येत नाहीत. वाघराला बाहेरून एक फेरी मारतात. "आत किती गेली ते कळलं. भायेर किती ऱ्हायली ते बघाय नको?" लंगडी मेंढी, नुकती व्यालेली मेंढी घोळक्याबरोबर येत नाही, ती बाहेरच थांबलेली असते. आणि बाहेर राहिलेल्यांचा आवाज तर मी स्वतःच बंद केला होता.

तक्रारी या वेळी खड्ड्यात न टाकता एका फाइलीत लिहून घ्यायला लावल्या आणि सगळं पुन्हा चालवलं. दोन मिनिटांत ती फाइल भरत चालली. पहिली ओळ उघडली: ७८६ या नावाची फाइल उघडता येत नाही. त्याखाली कुठलातरी टोकन नंबर, तारीख आणि वेळ, तीही फाइल उघडता येत नाही. मग पुन्हा ७८६. पुन्हा ७८६. पानामागून पान.

बाकाने पाळीच्या सुरुवातीला खूण विचारली की बाकीचे आपला हजेरीचा टोकन नंबर टाइप करत. चाचांनी तीन वर्षं रोज आधी ७८६ टाइप केलं होतं, मग थोडी जागा सोडली होती, आणि मग टोकन नंबर. जसं रजिस्टरवर, जसं माझ्या अर्जावर. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक फाइलीच्या नावात एक मोकळी जागा होती. आणि एक्सआर्ग्जच्या हिशेबी मोकळी जागा आली की नाव संपलं. तो चाचांच्या एका फाइलीची दोन नावं करत होता, दोन्ही खोटी, आणि खरी फाइल तशीच बाहेर उभी होती. हजारोंच्या संख्येने उभी होती.

मी पुन्हा पुस्तक घेतलं. त्याच पानाच्या खाली, मी घाईत न वाचलेल्या दोन ओळी होत्या: नाव अवतरणचिन्हांत असेल तर त्यातली जागा नावाचाच भाग धरली जाते. मग प्रत्येक नाव एक्सआर्ग्जकडे जाण्याआधी त्याला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावणारी एक छोटी आज्ञा मधे घातली. आधी दहा फाइलींवर करून पाहिलं. मग सगळ्यांवर. तक्रारींची फाइल या वेळी उघडीच ठेवली होती. ती रिकामी राहिली. ती रिकामी बघताना मला जो आनंद झाला तसा बी.एस्सी.च्या निकालाला झाला नव्हता.

दुपारी तीनला, दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजत असताना, मोजणी आली. नऊशे साठ.

प्रत्येक नग बाकावर चढला होता, प्रत्येकाचा दाब टिकला होता. मी वेळेप्रमाणे लावून पाहिलं. परत आलेले सगळे नग सहा दिवसांतले होते, आणि ते दिवस रमजानातले निघाले. चाचांचे नग दर साडेचार-पाच मिनिटांनी एक, तीन वाजल्यापासून सुटेपर्यंत. जेवणाची सुट्टी सोडली तर मध्ये कुठे झोपेला जागाच नव्हती. रोज संध्याकाळी, दिवस मावळतानाच, एक बारा मिनिटांची फट होती. ती फट मला ओळखीची होती. तिच्यातला एक खजूर मी तीन वर्षं खाल्ला होता.

शनिवारी अकरा वाजता मी सगळा छापील कागद घेऊन केबिनमध्ये गेलो. जोडलेल्या पानांची ती घडी उलगडली तेव्हा साहेबांच्या टेबलावरून खाली उतरून दारापर्यंत गेली. पुण्याचे इंजिनिअर आले होते. चाचा टेबलासमोर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

साहेबांनी मधलंच कुठलंतरी पान धरलं आणि समोरच्या क्रेटमधून एक पिवळा नग उचलून नंबर जुळवला. मग दुसरा. मग दहा-बारा. मग इंजिनिअरना विचारलं की फोल्डर खराब होतं ना? इंजिनिअर म्हणाले की मोठ्या यादीमुळे तसं वाटलं. मग साहेबांनी त्या संध्याकाळच्या फटींवर बोट ठेवून मला विचारलं, हे काय? मी काही बोलायच्या आत चाचा म्हणाले, "रोजा सोडाय लागतो साहेब. तेवढा टाइम माझ्या जेवणातून कापा."

साहेबांनी कागद खाली ठेवला. मग उठून त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली.

"चाचा, बसा," ते म्हणाले. "माझं चुकलं."

पुढच्याच आठवड्यात खरा दोष सापडला. तपासणीनंतर नग धुवायच्या टाकीत नवीन द्रावण आलं होतं, त्याने आतली रबराची रिंग फुगत होती. बाकावर सगळं ठीकच होतं. केबिनमधून बाहेर पडल्यावर मी चाचांना मोकळ्या जागेची गोष्ट समजावली. ते ऐकून इतके हसले की त्यांना खोकला लागला. म्हणाले, "म्हंजी मी देवाचं नाव घेतलं आन् तुझं मशीन अडखळलं व्हय? त्याला न्हेऊन आण एकदा मशिदीत."

त्या सोमवारी मी दोन लाख फाइली महिन्यामहिन्याच्या फोल्डरमध्ये हलवल्या. पाचशेपाचशेच्या घोळक्याने, अवतरणचिन्हं लावून, आणि शेवटी बाहेरून एक फेरी मारून. दुपारपर्यंत झालं. त्यानंतर यादी मागितली की डोळ्याचं पातं लवायच्या आत यायची. इंजिनिअर ते बघायला मुद्दाम आले. जाताना त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाले, "ती ओळ जरा लिहून द्याल का?" मी लिहून दिली. सवयीने वर श्री काढला, तोही त्यांनी खोडला नाही.

चाचा चौदा महिने पुरे करून, हार घालून घेऊन, गेटातून बाहेर पडले आणि चाचींना घेऊन दौंडला लेकीजवळ राहायला गेले. दुसऱ्याच महिन्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. त्याच दिवशी मी त्यांना हे पत्र पाठवलं. त्याची प्रत माझ्या वहीत आहे.

॥ श्री ॥   ७८६

तीर्थस्वरूप चाचा,

साष्टांग नमस्कार. वर दोन्ही लिहिलंय आणि मध्ये मोकळी जागा सोडलीय. आता अडत नाही.

आज मला कायम केलं. हुद्दा सिस्टिम ऑपरेटर असा आहे. आप्पांनी तो शब्द चारदा म्हणून घेतला आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांनी तुमच्यासाठी एक घोंगडी काढून ठेवलीय, आपल्याच मेंढरांच्या लोकरीची. येत्या रविवारी घेऊन येतो. चाचींना सांगा, मी जेवायलाच येणार आहे.

तुमच्या जागी बाकावर नवीन मुलगा बसलाय. त्याला खुणेत नुसता टोकन नंबर टाइप करायचा असं शिकवलंय. पण तुमच्या जुन्या फाइलींची नावं मी बदलली नाहीत. साहेब म्हणाले बदल, सोपं पडेल. मी म्हटलं, आपली आज्ञा त्यांना ओळखते.

आता एक गोष्ट, जी मी तुम्हाला समोर सांगू शकलो नाही. त्या शुक्रवारी तुम्ही चहा घेऊन आलात आणि विचारलंत, घावलं का. मी अजून चालू आहे असं म्हणालो. चाचा, ते खोटं होतं. तेव्हा निकाल आला होता आणि त्यात तुमचा एकही नग नव्हता. त्याआधीची दहा-पंधरा मिनिटं मी तुमच्यावर संशय घेतला होता. मनात आलं की माणूस थकतो, वय झालंय, कुणी बघत नाही. साहेबांना जे वाटलं तेच मलाही वाटलं. फरक इतकाच की साहेबांनी तुमचा खजूर खाल्ला नव्हता.

त्या दिवशी नऊशे साठ नग सापडले म्हणून सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी आनंदात होतो, अजूनही आहे, आणि तो आनंद खोटा नाही. पण तुम्ही मला विचारलं होतं, असेल कशाला म्हणतोस, हायच की. तेव्हाच मी ते मान्य करायला हवं होतं. यंत्राने सांगायची वाट बघायला नको होती.

रविवारी आलो की काय बोलायचं ते बोला. रागावलात तरी घोंगडी ठेवून घ्या, नाहीतर आप्पा मला वाघराबाहेर ठेवतील.

तुमचा,
दुसऱ्या पाळीचा पदवीधर